ऊसतोडीला गेलेल्यांच्या मताचा प्रश्न लोकसभेत कसा पोचला : माझा अनुभव

नोव्हेंबर २०२४ पासून एका कामाच्या मागे होते. ऊसतोडीला गेलेल्या माणसांनी मत कुठे आणि कसं द्यायचं हा प्रश्न लोकसभेत विचारला जावा आणि मंत्र्यांचं त्याला लेखी उत्तर यावं, हे ते काम. ते झालं. कसं झालं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला कुणाला विचारावं हेसुद्धा मला कळत नव्हतं आणि मराठीत कुठे सलग लिहिलेलं सापडलं नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी वकील नाही, कुठल्या पक्षात नाही. धारूर तालुक्यात डोंगरपट्ट्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पॅन कार्ड आणि मतदार नोंदणीचे फॉर्म हे रोजचं काम. आई-वडलांचं अर्धं आयुष्य कोयत्यावर गेलं, माझी शाळा आजीकडे राहून झाली. दादा-वहिनी अजून जातात. बीड जिल्ह्यात ज्याला हे माहीत नाही असं घर सापडणार नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते: दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, टोळीने निघतात ती सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडे, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परत येतात. पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि गाळपाला सरकारने १५ नोव्हेंबरपासून परवानगी दिली होती. म्हणजे मतदानाच्या आधीच टोळ्या उसाच्या फडात. निघायच्या आदल्या रात्री वहिनी कार्डं गुंडाळून ठेवत होती, मी म्हटलं वहिनी मतदानाला येणार का, तर म्हणाली, "कसं यावं बाई, उचल घेतलीय, तीन दिवसाचा खाडा कोण भरून देईल? गाडी आली कुणाची तर येऊ." ही "कुणाची तरी गाडी" म्हणजे उमेदवाराच्या माणसांनी पाठवलेली. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये मतदारांना फुकट ने-आण करायला उमेदवाराने गाडी पुरवणं हा भ्रष्ट आचार म्हणून लिहिलेला आहे. तरी गाड्या येतात, आणि ज्याची गाडी त्याचं मत असं गावात सगळे गृहीत धरतात. मला सगळ्यात जास्त हे खटकलं. मत देता येत नाही हे एक दुःख, पण जे देतात त्यांनाही दुसऱ्याच्या गाडीत बसल्याशिवाय देता येत नाही हे त्याहून वाईट.

मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषद शाळेतल्या बूथवर दुपारी मी मत द्यायला गेले तेव्हा रांगच नव्हती. एका म्हाताऱ्या आजीला तिच्या सुनेचं नाव यादीत सापडत नव्हतं, सून फडात होती, नाव असतं तरी आली नसती, पण आजीला ते नाव गेल्याचं फार लागलं होतं. "ती मेली का काय म्हणून नाव काढलं" असं परत परत विचारत होती. तिथून मी ठरवलं की हे कुठेतरी लेखी विचारायचं.

पहिला आठवडा कायदा वाचण्यात गेला. दोन कायदे आहेत आणि दोन्हीची नावं जवळपास सारखी, १९५० चा मतदार याद्यांबद्दल आणि १९५१ चा प्रत्यक्ष निवडणुकीबद्दल. दोन्ही इंडिया कोडच्या सरकारी साइटवर फुकट आहेत. इंग्रजी वाचायला जड जातं, पण चारच कलमं लागतात. १९५० च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की जो त्या मतदारसंघात सामान्यपणे राहतो त्याचं नाव यादीत. कलम २० मध्ये पुढे लिहिलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. हे वाक्य मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं. म्हणजे तोडीला गेलेल्या माणसाचं नाव गावात राहायलाच पाहिजे. कलम २२ प्रमाणे नाव कमी करायचं तर त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण नाव कमी करायच्या फॉर्म ७ मध्ये कारणांची यादी बघा: मयत, वय कमी, गैरहजर किंवा कायमचा स्थलांतरित, दुबार नाव, भारताचा नागरिक नाही. गैरहजर आणि कायमचा स्थलांतरित एकाच चौकटीत. कुलूप लागलेलं घर बघून कुणी त्या चौकटीत खूण केली तर सहा महिने फडात असणाऱ्याला नोटीस कुठे मिळणार? त्यात यादीचं मोठं वार्षिक पुनरीक्षण १ जानेवारी ही अर्हता तारीख (ज्या तारखेला १८ वर्षं पूर्ण हवीत ती) धरून होतं, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते जानेवारी. नेमकं तेव्हाच गाव रिकामं. आता २०२१ च्या दुरुस्तीनंतर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्यात, त्यामुळे पट्टा पडून आल्यावर उन्हाळ्यात नाव घालता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

चौथं कलम सगळ्यात महत्त्वाचं. १९५१ च्या कायद्याचं कलम ६०. पोस्टाने मत कुणाला देता येतं ते यात आहे. सैन्यातले लोक, प्रतिबंधात्मक कोठडीतले वगैरे झाल्यावर तिसरा खंड म्हणतो की निवडणूक आयोग सरकारशी विचारविनिमय करून ज्या वर्गाला अधिसूचित करेल त्या वर्गातल्या माणसाला पोस्टाने मत देता येईल. याच वाटेने गैरहजर मतदार ही कल्पना २०१९ मध्ये नियमात आली, ८५ च्या पुढचे म्हातारे, ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेले, अत्यावश्यक सेवेतले, हे सगळे फॉर्म १२ डी भरून घरून किंवा पोस्टाने मत देतात. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं असतात, आणि त्यांचं मत खोऱ्यातल्या त्यांच्या मूळ मतदारसंघात मोजलं जातं. म्हणजे माणूस एका जागी आणि मत दुसऱ्या जागी ही गोष्ट देशात आधीपासून चालू आहे. मग हंगामी कामगारांचा वर्ग का नाही? हे वाचून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं. रडगाणं न गाता विचारता येईल असा नेमका प्रश्न हातात आला होता.

आता विचारायचा कसा. सामान्य माणसाला संसदेत प्रश्न टाकता येत नाही, खासदारालाच टाकता येतो, तोही जो मंत्री नाही अशा खासदाराला. (लोकसभेच्या याचिका समितीकडे नागरिकाला अर्ज देता येतो, ती वेगळी वाट आहे, मी तिकडे गेले नाही.) खासदार तुमच्याच मतदारसंघाचा पाहिजे असा नियम नाही हे मला उशिरा कळलं. आधी एका ऑफिसला ईमेल केला, फोन केला, काही आलं नाही. मग मराठवाड्यातल्याच दुसऱ्या एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात स्वतः गेले, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. एसटीने, बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्चाचं ओझं नाही झालं.

तिथे त्यांचे पीए होते, खासदार दिल्लीत कारण हिवाळी अधिवेशन चालू. पीए सरांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली, "ताई, या अधिवेशनाचं विसरा. प्रश्नाची नोटीस पूर्ण पंधरा दिवस आधी लागते, अधिवेशन २० डिसेंबरला संपतंय." हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं असं वाटलं, म्हणून इथे ठळक सांगते: अधिवेशन सुरू झाल्याची बातमी बघून धावपळ करू नका, अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच हालचाल करा. कोणत्या दिवशी कोणत्या मंत्रालयाचे प्रश्न आणि कोणत्या तारखेपर्यंत नोटीस, याचा तक्ता लोकसभा सचिवालय खासदारांना देतं. मंत्रालयांना वार ठरलेले असतात. निवडणुकीचे कायदे विधी आणि न्याय मंत्रालयाकडे, लोकसभेत त्यांचा वार शुक्रवार. नागरिकत्व आणि जनगणना गृह मंत्रालयाकडे, त्यांचा मंगळवार.

त्यांनी अजून एक समजावलं ते फार कामाचं. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. तारांकितला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, पण त्या एका तासात सात-आठ प्रश्न झाले तरी खूप, आणि गोंधळ झाला तर तेही नाही. अतारांकितला लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं, गोंधळ असला तरी कागद येतोच. मला कागद हवा होता. टीव्हीवर दिसायचं काही नव्हतं. म्हणून अतारांकित ठरलं.

जानेवारीपर्यंत वेळ होता तेव्हा दोन कामं केली. एक, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवरून आमच्या मतदारसंघाचा फॉर्म २० काढला. यात बूथवार मतं असतात, निकालानंतर काही दिवसांनी टाकतात. डोंगरपट्ट्यातल्या तांड्या-वस्त्यांच्या बूथवरची एकूण मतं आणि यादीतली नावं शेजारी शेजारी लिहिली की चित्र दिसतं. दुसरं, माहिती अधिकारात अर्ज केला की आमच्या यादी भागातून वर्षभरात किती नावं कमी केली आणि कारणं काय. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, वर झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, लांबलचक लिहिलंत तर परत येऊ शकतो. महिन्याभराने उत्तर आलं. मयत आणि दुबार होतेच, पण "स्थलांतरित" मध्ये अशी नावं होती ज्यांच्या घरी मी होळीला पुरणपोळी खाल्लीय. आजीच्या सुनेचं नावही त्यातच निघालं. माझ्या प्रश्नाला ही माहिती थेट लागली नाही, पण खासदारांसमोर कागद ठेवल्यावर बोलणं बदलतं.

प्रश्नाचा मसुदा हा सगळ्यात अवघड भाग. नियम असे: साधारण दीडशे शब्द, त्याच्या वर नाही. युक्तिवाद नको, आरोप नको, टोमणा नको, मत विचारायचं नाही, "जर असं झालं तर" असं काल्पनिक काही नको. कोर्टात चालू असलेल्या विषयावर नको. जे सहज मिळणाऱ्या पुस्तकात किंवा कागदात आहे ते विचारायचं नाही. आणि जे केंद्र सरकारच्या कक्षेत नाही ते तर अजिबात नाही. यातून माझे निम्मे प्रश्न उडाले. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचं मतदान राज्य निवडणूक आयोगाकडे, ते संसदेत चालत नाही. गाळप कधी सुरू करायचं ते राज्याचं. मुकादम आणि उचल, तेही तिकडेच. पीए सर पेन घेऊन एकेक ओळ खोडत होते आणि मला वाईट वाटत होतं, प्रत्येक ओळीमागे कुणीतरी होतं. पण खोडून खोडून जे उरलं ते धारदार होतं.

नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, आम्ही हिंदीत दिली. साचा ठरलेला आहे, "क्या विधि और न्याय मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि" आणि खाली क, ख, ग, घ. आमचा मराठीत सांगायचा तर असा होता: हंगामी आंतरजिल्हा आणि आंतरराज्य स्थलांतर करणाऱ्या शेतमजुरांना, विशेषतः ऊसतोड कामगारांना, कलम ६० खाली पोस्टाने मतदान करणारा वर्ग म्हणून अधिसूचित करण्याबाबत आयोगाकडून सरकारकडे विचारविनिमयासाठी काही आलं आहे का, आलं असेल तर तपशील आणि नसेल तर कारणं, रिमोट मतदान यंत्राची सध्याची स्थिती काय, आणि तात्पुरतं बाहेर असलेल्या मतदारांची नावं यादीतून कमी होऊ नयेत म्हणून काय सूचना आहेत. मी "किती मजूर मतापासून वंचित राहिले त्याची राज्यनिहाय आकडेवारी" असंही घालायचं म्हणत होते, सरांनी थांबवलं. म्हणाले, "आकडे मागितले की अशी माहिती ठेवली जात नाही एवढं एकच वाक्य येतं आणि बाकीचा प्रश्न त्यात बुडतो. हो किंवा नाही असं उत्तर येईल असंच विचारायचं." हे मला फार पटलं.

रिमोट यंत्राबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने देशांतर्गत स्थलांतरितांसाठी एक नमुना यंत्र जाहीर केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतचं मतदान घेता येईल असं. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलंही होतं. पण २०२४ ची लोकसभा आणि नंतरची विधानसभा त्याशिवायच झाली. परदेशातल्या भारतीयांचंही असंच अडकलंय. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना फॉर्म ६ ए भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः इथे यावं लागतं. त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत न होता ती लोकसभा संपल्यावर रद्द झालं. त्यांच्यासाठी निदान विधेयक तरी आलं. आमच्या टोळ्या कागदोपत्री फक्त "गैरहजर".

जानेवारीत अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तारखा आल्या, ३१ जानेवारी ते १३ फेब्रुवारी आणि मग १० मार्च ते ४ एप्रिल. पहिली नोटीस ७ फेब्रुवारीच्या शुक्रवारसाठी गेली. आता इथे सोडत असते हे समजून घ्या. नोटिसा ढिगाने येतात, मग बॅलट काढतात आणि ज्या खासदारांची नावं वर येतात त्यांचे प्रश्न यादीत लागतात. आमचं लागलं नाही. मी रोज संध्याकाळी संसदेच्या साइटवर यादी उघडून बसायचे, ती यादी आली तेव्हा वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत वाचली. कुणाचा दोष नव्हता, तरी दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, असं होतंच, मार्चमध्ये परत टाकू. खासदार स्वतःच तेव्हा फोनवर आले आणि म्हणाले की यावेळी अजून एकदोन सहकाऱ्यांना सांगतो, सारखेच प्रश्न आले तर नावं एकत्र जोडून एकच प्रश्न लागतो, शक्यता वाढते. ही युक्ती लक्षात ठेवा. एकाच खासदारावर विसंबू नका, आणि इतर पक्षाच्या खासदाराकडे गेलात तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, विषय तोच आहे.

१४ मार्चला धुळवडीमुळे बैठक नव्हती, त्यामुळे शुक्रवार राहिले तीनच. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारच्या यादीत आमचा प्रश्न आला. शब्द थोडे बदललेले, सचिवालय संपादन करतं, एक पोटप्रश्न दुसऱ्यात मिसळलेला, पण कलम ६० तसंच होतं. यादी बघितली तेव्हा केंद्रात पीक विम्याची गर्दी होती आणि मी सगळ्यांसमोर रडले. एका काकांना वाटलं माझ्या घरी काही वाईट झालं.

उत्तर त्या दिवशी दुपारी बारानंतर पटलावर ठेवलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत साइटवर पीडीएफ आलं. संसद डॉट इन वर लोकसभा, मग प्रश्न, मग मंत्रालय आणि तारीख निवडली की सापडतं, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. दोन पानांचं. क पासून घ पर्यंत सगळ्याचं मिळून एकत्र उत्तर, असं बहुतेक वेळा असतं. आधी कलम १९ आणि २०, म्हणजे तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचाच रहिवासी राहतो ही गोष्ट मंत्र्यांच्या उत्तरात लेखी आली. मग पोस्टाने मत देऊ शकणाऱ्या सध्याच्या वर्गांची यादी, त्यात हंगामी मजूर नाहीत. मग रिमोट यंत्राचा इतिहास, प्रात्यक्षिकापर्यंतचा. नवीन काही मिळालं का म्हणाल तर योजना मिळाली नाही. पण आता "तुमचा वर्ग यादीत नाही" हे सरकारी कागदावर आहे, आणि जे कागदावर आहे त्याच्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो. शिवाय पहिला परिच्छेद छापून मी आमच्या बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या) बाईंना दिला, त्यांनी तो यादीच्या फाइलला लावून ठेवला. त्या म्हणाल्या, आता कुणी बंद घराचं नाव काढा म्हणालं तर हे दाखवता येईल. माझ्या मते एवढ्या कामातला सगळ्यात उपयोगी कागद तोच.

एक गोष्ट उत्तर वाचताना बघा. "माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं वाक्य आलं तर नाराज होऊ नका, ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. खासदारांच्या ऑफिसला त्याची आठवण करून देत राहायचं.

एप्रिलात टोळ्या परत आल्यावर आम्ही पारावर बसून उत्तर वाचलं, मी मराठीत सांगत गेले. दादा गप्प ऐकत होता. मग एका पोराने विचारलं की ताई, आता जनगणना होऊन खासदार वाढणार म्हणतात, तेव्हा आमच्या भागाला काही मिळेल का. मला उत्तर येत नव्हतं म्हणून परत वाचायला बसले, आणि त्यातून जे सापडलं त्याने मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

लोकसभेच्या निवडून येणाऱ्या ५४३ जागा, त्यात महाराष्ट्राच्या ४८. राज्याराज्यांत या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत, आधी १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, मग ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. मतदारसंघांच्या हद्दी मात्र २००१ च्या आकड्यांवर आखल्यात आणि २००८ पासून लागू आहेत. आता १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली की पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. म्हणजे माणसं मोजणार फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमचं गाव कुठे असतं? उसाच्या फडात. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही तो जिथे असेल तिथे मोजला जातो, पद्धत तशीच आहे. त्यामुळे दादा, वहिनी आणि त्यांची धाकटी, जी अजून कडेवर आहे, ही सगळी मोजली जाणार कोल्हापूरकडे, आणि मतदार यादीत नाव धारूरला. हद्दी आणि जागा लोकसंख्येवर ठरतात, त्या आमच्या माणसांमुळे दुसरीकडे जड होणार, आणि तिथे त्यांना मत नाही. इथे मत आहे पण त्या दिवशी ती इथे नाहीत. सगळी माणसं देशाची नागरिक आहेत, मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ वर तसं सही करून लिहून दिलंय, आधार आहे, रेशन कार्ड आहे. घटनेचं कलम ३२६ प्रौढ नागरिकाला मतदार होण्याचा हक्क देतं. पण मोजणीचा महिना आणि मतदानाचा महिना दोन्हीत ती भलत्याच जागी असतात, आणि याची नोंद कुठेच नाही.

यावर दुसरा प्रश्न केला, गृहमंत्र्यांना, मंगळवारचा. पावसाळी अधिवेशन २१ जुलै ते २१ ऑगस्ट होतं. जूनच्या शेवटीच मसुदा दिला होता, यावेळी मी स्वतःच दीडशे शब्दांत बसवला आणि सरांनी फक्त एक शब्द बदलला. सोडतीत लागला नाही. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास बराचसा गोंधळात गेला, तेव्हा अतारांकितचं महत्त्व परत कळलं, ज्यांचे लागले त्यांची लेखी उत्तरं आलीच. हिवाळी अधिवेशनाला तोच मसुदा परत जाणार आहे. एकाच अधिवेशनात उत्तर आलेला प्रश्न परत विचारता येत नाही, पण आमचा लागलाच नव्हता त्यामुळे अडचण नाही. जुने प्रश्न साइटवर शोधता येतात, मसुदा करायच्या आधी आपल्या विषयावर कुणी काय विचारलंय ते बघून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

खर्च फार नाही झाला. एसटी, झेरॉक्स, माहिती अधिकार, एक स्पीड पोस्ट, सगळं मिळून हजाराच्या आत. प्रश्न टाकायला पैसे लागत नाहीत. कुणी "करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

हे लिहितेय तेव्हा सप्टेंबर २०२५ चालू आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी मुकादम उचल वाटायला येतो तेव्हा सगळी जोडपी एका जागी सापडतात, तिथेच लॅपटॉप घेऊन बसायचं ठरवलंय. प्रत्येकाचं नाव यादीत आहे का बघायचं, नसेल तर फॉर्म ६, लग्न होऊन आलेल्या सुनांचं नाव माहेरून इकडे आणायला फॉर्म ८. फोन नंबर जोडून ठेवायचा, म्हणजे फॉर्मचा निरोप फडातही येईल. जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधीही लागू शकतात आणि त्या हंगामातच येतील असं दिसतंय, त्यासाठी आमदारांकडे विधानसभेतल्या प्रश्नाचा वेगळा मसुदा दिलाय, तिथले नियम वेगळे आहेत, ते शिकतेय.

लोकसभेचे दोन्ही मसुदे माझ्याकडे हिंदीत टाइप केलेले आहेत. वीटभट्टीवाले, मासेमारीला बाहेर जाणारे, मेंढरं घेऊन फिरणारे, कुणाच्याही भागासाठी थोडे शब्द बदलून चालतील. हवे असतील त्यांनी घ्या, माझं नाव घालायची गरज नाही.